फुप्पीच्या कोंबड्या किती खायच्या

परवा शेजारी नव्यानं राहायला आलेल्या मुलीनं कुंपणाच्या भिंतीवरून माझ्या परसात डोकावून विचारलं, "मॅडम, या कोंबड्या दिवसाला किती खातात हो? मलाही चार पाळायच्या आहेत, पण आमचे हे म्हणतात, पोसवणार नाहीत." मी सांगितलं, मोठ्या कोंबडीला दिवसाला दोन मुठी धान्य लागतं, मोकळी हिंडून किडे-मुंग्या, कोवळं गवत टिपत असेल तर एका मुठीतही भागतं. तिचं समाधान झालं आणि ती आत गेली. माझं मात्र झालं नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला एवढ्याशा उत्तरावर थांबवत नाही, आणि या प्रश्नावर तर नाहीच. कारण आमच्या घरात हाच प्रश्न एकदा असा उभा राहिला होता की त्याच्या उत्तरावर माझी फुप्पी घरात राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

आमचं घर दारव्ह्याला, बस स्टँडकडून बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पुढं अब्बांचं दुकान, म्हणजे शेतावरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायची जागा; त्यामागं दोन खोल्या, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं बोरीच्या झाडाचं अंगण. कानशीचा करकर आवाज, हातोडीचे ठोके आणि दुरुस्त झालेलं इंजिन सुरू झालं की होणारी धडधड, यांतच मी पाढे पाठ केले. इंजिन नीट चालायला लागलं की अम्मी आतून न सांगता चहाचं आधण ठेवायची, कारण गिऱ्हाईक आता खुशीत असणार आणि अब्बा त्याला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत, हे ठरलेलं होतं. अब्बांच्या अंगाला डिझेलचा वास यायचा. ईदच्या दिवशी अत्तर लावलं तरी त्याखालून तो यायचाच. मला तो वास अजून आवडतो. पेट्रोल पंपावर गाडी थांबली की मी काच खाली करते आणि माझा मुलगा डोक्याला हात लावतो.

अब्बांची कामाची एक रीत होती. शेतकरी बैलगाडीत इंजिन घालून आणायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, लय डिझेल पिऊन राह्यलं हे." दुसरा मिस्त्री लगेच इंजिन खोलायला बसला असता. अब्बा आधी त्याच्याखाली खोक्याचा पुठ्ठा अंथरायचे, इंजिन सुरू करायचे आणि स्वतः बाजेवर जाऊन बसायचे. "पितं किती थे मांगून पाहू," ते म्हणायचे, "आधी गळतं किती थे पाहू." अर्ध्या तासानं पुठ्ठ्यावरचे डाग बघितले की निम्मं दुखणं तिथंच कळायचं. लोक त्यांना हसायचे, पण इंजिन घेऊन त्यांच्याकडंच यायचे.

फुप्पी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. तिचं सासर राळेगावकडच्या एका खेड्यात. तिथं मुसलमानांची तीनच घरं, त्यामुळं तिची जीभ पुरती वऱ्हाडी झाली होती, आणि ती आल्यापासून आमच्याही घरातलं हिंदी मागं पडून तिचीच बोली सगळ्यांच्या तोंडी बसली. फुप्पा वारले. मूलबाळ नव्हतं. वर्षभर तिनं तिथं काढलं, मग एक दिवस यष्टीतून उतरली ती एक ट्रंक आणि दोन टोपल्या घेऊन. टोपल्यांवर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं, आणि आत दहा कोंबड्या आणि एक कोंबडा. अब्बांनी ट्रंक उचलली. टोपल्या तिनं कुणाला हात लावू दिल्या नाहीत. तेवढंच तिचं स्वतःचं म्हणावं असं जगात उरलं होतं.

तिच्या येण्यानं आमचं घर बदललं. अम्मी गव्हाच्या पातळ रोट्या करायची. फुप्पी ज्वारीची जाड भाकर थापायची, अंबाडीची भाजी करून तिच्यावर लसणाची फोडणी ओतायची आणि जवसाची चटणी अशी कुटायची की मी शाळेत डबा उघडला की दोन बाकांवरच्या मुली मागं वळायच्या. दिवसाआड अंडी मिळायला लागली. कांदा-हिरवी मिरची घालून केलेलं अंड्याचं ते कोरडं सालन आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, आणि डॉक्टरांनी काय काय सांगितलंय ते मी पाच मिनिटं विसरते. सकाळी फुप्पी कमरेवर सूप घेऊन अंगणात उभी राहायची, "आ, आ, आ" अशी लांब हाक द्यायची आणि मूठ भरभरून ज्वारी फेकायची. बोरीखालून, खुराड्यातून, शेजारच्यांच्या कुंपणातून सगळ्या धावत यायच्या. ते बघायला मी दात घासत उभी असायची.

पण अम्मी आणि फुप्पी एकमेकींशी फार जपून वागायच्या. अम्मी तिला "आपा, तुमी बसा, मी करतो" म्हणायची (आमच्याकडं बायाही "करतो, जातो"च म्हणतात) आणि फुप्पी तिला "दुल्हन, तू दमली असशीन" म्हणायची. दोघींचा आवाज कधी चढला नाही. मला वाटायचं, किती गोड आहे सगळं. पाहुण्याशी माणूस असंच गोड बोलतं, हे कळायचं माझं वय नव्हतं.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पत्र्याची कोठी होती. हंगामात एकदा ज्वारीनं भरली की पुढच्या हंगामापर्यंत बघावं लागायचं नाही. त्या वर्षी होळीच्या आधीच अम्मीचा हात कोपरापर्यंत आत गेला. ती तिथं तशीच उभी राहिली आणि कुणाकडं न बघता म्हणाली, "मानसापरीस कोंबड्याच जास्त खाऊन राह्यल्या बाप्पा या घरात."

फुप्पी चुलीपाशी भाकर थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. पण मी समोर बसले होते आणि तिचा चेहरा मी पाहिला. कोंबड्या तिच्या होत्या. त्या जास्त खातात याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता. अम्मीच्या तोंडून ते सहज निघालं होतं. असं मी आज म्हणू शकते, कारण मी स्वतः घर चालवलंय आणि कोठीपाशी उभं राहून मीही काय काय बोलले आहे. तेव्हा मात्र मला अम्मीचा मनस्वी राग आला.

दुसऱ्या दिवसापासून फुप्पीनं हात आखडला. सूप अर्धंच भरायची. जेवताना "मले आज भूक नाई" म्हणून एका भाकरीवर उठायची आणि त्यातलीही अर्धी पदराखाली लपवून अंगणात कुस्करायची. हे मी दोनदा पाहिलं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर काय होईल याचीच मला भीती वाटायची. त्याऐवजी मी माझ्या अकलेनं एक उपाय काढला. शाळेतून आल्यावर अम्मी पडलेली असायची आणि फुप्पी नमाजला बसायची, तेव्हा मी कोठीतून ओंजळभर ज्वारी काढून बोरीमागं टाकून यायची. कोंबड्यांना पुरेसं मिळालं की फुप्पी पोटभर जेवेल, असा माझा हिशेब. सातवीतल्या मुलीचा हिशेब तेवढाच असतो.

आणि कोठी काही केल्या थांबेना. उलट जास्तच भराभर उतरायला लागली. फुप्पी रोज तिच्यात डोकावून बघायची आणि रोज तिचा चेहरा उतरायचा. स्वतः उपाशी राहून, कोंबड्यांना अर्धपोटी ठेवूनही धान्य सरतंय, तर आता काय करावं हे त्या बाईला कळेना. शेवटी एका गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती अब्बांना म्हणाली, "रशीद, बाजाराच्या दिवशी मले राळेगावच्या गाडीत बसवून दे. जातो मी आता. लय दिवस झाले."

अब्बांनी विचारलं, "तिथं कुठं राहशीन आपा? तुह्या खोलीत तं दिरांनी कापूस भरून ठेवलाय."

"पडवीत राहीन. पडवी मोकळी हाय."

अम्मीच्या हातातलं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. बाजार शनिवारी होता. मधे फक्त शुक्रवार. मी मागच्या खोलीत जाऊन गोधडीत तोंड खुपसून रडले. पडवीत झोपलेली फुप्पी मला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि आपण टाकलेल्या ओंजळींमुळंच कोठी रिकामी झाली आणि ती चालली, हेही आता मला उमगलं होतं. पण कबूल करायची हिंमत होईना.

शुक्रवारी अब्बांचं दुकान बंद असायचं. सकाळी मी उठून मागं आले तर अब्बा अंगणात उकिडवे बसून खताच्या पिशव्या उसवून शिवलेली आमची मोठी ताडपत्री अंथरत होते. चारी कोपऱ्यांवर त्यांनी इंजिनाचे जुने सुटे भाग ठेवले होते. फुप्पी सूप घेऊन उभी होती आणि अम्मी स्वयंपाकघराच्या दारात.

"हे काय करून राह्यला रशीद?" फुप्पीनं विचारलं.

"कोंबड्या किती खातेत म्हणून घरात कवापासून बोलनं चालू हाय," अब्बा म्हणाले. "गळतं किती थे कोनं पाह्यलंच नाई. जाशीन तं उद्या जाय. आज मले पाहू दे."

ज्वारी मोजायला त्यांनी दुकानातलं डिझेलचं माप आणलं होतं. फुप्पीनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "कोंबड्याईले डिझेल पाजतं काय?" असं म्हणून तिनं आतून चहाचा पेला आणला. दोन पेले ज्वारी मोजून सुपात घेतली. मग रोजच्यासारखी हाक दिली आणि रोजच्यासारखीच मूठ भरून ताडपत्रीवर फेकली.

कोंबड्या आल्या, पण त्यांची लगबग नव्हती. दोन-चार दाणे टिपले, मग पायांनी उकरायला लागल्या. कोंबडा तर सरळ धान्यावर उभा राहून मागं मागं उडवत बसला. एक दाणा खायचा, दहा उडवायचे. माती असती तर ते दाणे कधीच दिसले नसते. ताडपत्रीवर मात्र सगळं दिसत होतं. अब्बा बाजेवर बसून शांतपणे बघत होते, जसे इंजिनाखालच्या पुठ्ठ्याकडं बघायचे. थोड्या वेळानं कोंबड्या कंटाळून बोरीखाली गेल्या. अब्बांनी ताडपत्री चारी बाजूंनी गोळा केली, फुप्पीनं ते सगळं सुपात घेऊन पाखडलं आणि पेल्यात भरलं. पेला काठोकाठ भरला, आणि वर मूठभर उरलं. दोनातला एक पेला न खाताच परत आला होता.

"निम्मं गळते," अब्बा म्हणाले.

पण फुप्पी वेगळ्याच विचारात होती. तिनं वाकून जवळची एक तांबडी कोंबडी उचलली आणि तिच्या गळ्याखाली बोटं लावली. कोंबडी जे गिळते ते आधी तिथल्या पिशवीत साठतं. रात्रभरात ती रिकामी होते, म्हणून सकाळी ती लुळी लागली पाहिजे. फुप्पीनं दुसरी उचलली, तिसरी उचलली. "रशीद," ती म्हणाली, "इच्या गळ्यात तं आधीच दाने हाय. साऱ्याईच्या गळ्यात हाय. म्या हाक द्यायच्या आंधीच याईचं पोट भरलं होतं. म्हनून उधळून राह्यल्या. कोनं टाकले?"

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. मी घाबरून म्हणाले, "म्या आज नाई टाकले. म्या संध्याकाळी टाकतो." आणि बोलून गेल्यावर मला कळलं, मी काय बोलले ते.

कुणी रागावलं नाही, कारण तेवढ्यात दारातून अम्मीचा आवाज आला. "सकाळी म्या टाकले. रोज टाकतो."

फुप्पी कोंबडी हातात धरून तशीच उभी राहिली.

अम्मी दारातून अंगणात आली. तिचे डोळे भरले होते. "म्या बोलली तवापासून तुमी हात आखडला, आपा. सकाळी उठलं की ह्या भुकेल्या माह्या मांगं मांगं येत. मले लाज वाटे. तुमी उठायच्या आंधी दोन पेले टाकून देत होती. वाटलं, तुमाले कायले सांगू. सांगतलं तं अजून दुखन."

आता माझ्यानं राहवेना. "फुप्पी अर्धीच भाकर खाते," मी सांगून टाकलं, "अन् अर्धी कोंबड्याईले कुस्करते."

अम्मीनं माझ्याकडं पाहिलं, मग फुप्पीकडं. म्हणजे चित्र असं होतं: एका बोलण्याची लाज वाटून अम्मी चोरून खाऊ घालत होती, त्याच बोलण्याचं दुःख होऊन फुप्पी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून खाऊ घालत होती, आणि दोघींना वाचवायला मीही घालत होते. तिघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या दहा जणी आणि त्यांचा तो नवरदेव भरल्या पोटी धान्य उधळत मजेत होते.

अब्बा आधी गालातल्या गालात हसले, मग बाजेवर मागं रेलून मोठ्यानं हसले. "एक टाकी अन् तीन नळ," ते म्हणाले, "अन् मी बयताड, येडा मानूस, इंजिनाले दोष देत होतो." त्यांचं हसू बघून फुप्पीला हसू आलं आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिच्या हातातली कोंबडी निसटून गेली. अम्मीनं पुढं होऊन तिचा हात धरला. "आपा, कोंबड्या राहो का न राहो," ती म्हणाली, "तुमी जाऊ नका. म्या कोंबड्याईले बोलली होती, तुमाले नाई." मग तिनं खरं ते सांगितलं. "तुमालेबी बोलली असन जराशी. पन जाऊ नका."

फुप्पीनं डोळे पुसले आणि सूप उचलून ती आत गेली. माझा जीव मात्र एवढा हलका झाला होता की मी तोंड न धुताच चहा प्यायले आणि कुणी मला हटकलं नाही.

त्या दिवशी अब्बा नमाज आणि जेवण सोडलं तर दिवसभर अंगणातच होते. पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा त्यांनी उभा चिरला आणि त्याची कड आतल्या बाजूला वळवली, म्हणजे चोचीनं दाणा उडवला तरी बाहेर पडू नये. तो जमिनीवर न ठेवता कोंबडीच्या पाठीच्या उंचीला बोरीच्या फांदीवरून टांगला, म्हणजे पाय घालून उकरता येऊ नये. आणि कोंबड्या त्यावर चढून बसतील म्हणून वरून एक सळई लावली, तिच्या दोन्ही टोकांना जुने बेअरिंग. कोंबड्यानं रुबाबात उडी मारून त्यावर पाय ठेवला, सळई गर्रकन फिरली आणि स्वारी खाली. तीनदा आपटल्यावर त्यानं नाद सोडला. फुप्पीनं धान्याची वेळही ठरवली: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, त्या पाइपाची पन्हाळ तिसरा हिस्साच भरायची, आणि देणार ती एकटीच. सकाळी हात लावून गळ्याखालची पिशवी चाचपल्याशिवाय सूप भरायचं नाही. आज मी माझ्या परसात हेच करते. बाजारात आता प्लॅस्टिकची नाना तऱ्हेची भांडी मिळतात, मुलानं एक आणूनही दिलं. ठीक आहे. पण कोंबडी त्यावर चढून बसते.

शनिवार उजाडला. बाजाराचा गलका रस्त्यावरून ऐकू येत होता. राळेगावकडं जाणाऱ्या जीपवाल्याची आरोळी दोनदा झाली. फुप्पीची ट्रंक अजून दाराशीच होती, बांधलेली. ती जाणार की राहणार, हे तिनं सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी छाती नव्हती. मी दप्तर घेऊन उंबऱ्यात घुटमळत होते. पुढं दुकानात अब्बांची कानस चालू होती, पण अधूनमधून थांबत होती. तेही कान देऊन होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून फुप्पीचा आवाज आला, असा की रस्त्यावरच्यानंही ऐकावा. "दुल्हन, कोठीचं झाकन पुन्हा उघडं ठेवलं तू? उंदीर घुसले तं कोन निस्तरन? तीनदा सांगतलं तुले, डोकं कुठं राह्यते तुहं?"

मला वाटलं, संपलं सगळं. पण अम्मीचा आवाज तिच्याहून वर गेला. "मंग तुमी ठेवा ना झाकून. भाकर तुमीच करून राह्यल्या, पीठ तुमीच काढलं, अन् मले बोलता? अन् आपा, त्या अंबाडीत मीठ किती टाकता तुमी, घशाखाली उतरत नाई."

"आजपोतर कशी उतरली मंग?"

"लाजेनं उतरली."

फुप्पी आल्यापासून त्या दोघी एकदाही अशा बोलल्या नव्हत्या. भांडण चांगलंच रंगलं. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मी अब्बांकडं धावत गेले आणि म्हणाले, "अब्बा, दोघी भांडून राह्यल्या." अब्बांनी कानस खाली ठेवली, घटकाभर आतलं ऐकलं, आणि बाहेर जाऊन जीपवाल्याला हात हलवून सांगितलं, "जाय बाबा तू. आमच्या घरचं कोनी येत नाई."